सिस्टरच्या नावाची मूठ

श्रावणात कानबाई, आमची खान्देशी देवी, घरी यायच्या आधी माय गहू मोजायला बसते. पुढ्यात सूप, शेजारी नवीन पातेलं, आणि घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ. आबांची, भावाची, वहिनीची, नातवांची. मूठ टाकताना ती नाव घेते, आणि सगळ्यांत शेवटी म्हणते, "हाई सिस्टरनी."

माझी मूठ नसते. माझं लग्न झालं त्या वर्षापासून ती बंद झाली. मुलगी दुसऱ्या घरची झाली की कानबाईच्या रोटात, म्हणजे या गव्हाच्या प्रसादाच्या पोळीत, तिचा वाटा राहत नाही, हा आमच्याकडचा नियम. मी दरवर्षी जाते, माळा करते, कानबाईला नथ घालते, गाणी म्हणते, पण रोट ताटात घेत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही. पोटची पोरगी कोपऱ्यात भात खाते आणि समुद्रापलीकडून आलेल्या, आता या जगात नसलेल्या एका ख्रिस्ती सिस्टरच्या नावाने घरात रोट होतो. वहिनी मला चिडवते, "ताई, तुमच्या वाट्याचं सिस्टर खाऊन जाते हो!"

खरं तर माणूस गेलं की त्याचीही मूठ थांबते. सिस्टर गेल्या त्या वर्षी मायचा हात गव्हात तसाच राहिला होता. मग ती म्हणाली, "हिच्या मागे मूठ टाकणारं कोण आहे दुसरं?" आणि टाकली. तेव्हापासून ती चालूच आहे.

गेल्या वर्षी सिस्टरना संत म्हणून जाहीर केलं. तिकडे परदेशात सोहळा झाला, इथे चर्चच्या आवारात पडद्यावर दाखवला. मी मायला घेऊन गेले. वेदीशेजारी सिस्टरचं भलंमोठं चित्र लावलेलं. गुळगुळीत गोरा चेहरा, डोक्यामागे उजेड, नजर वर आभाळाकडे. माय पुढे वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "हाई आपली सिस्टर नही. चष्मा कथा गया?"

खरंच, चष्म्याशिवाय त्यांना आम्ही कधी बघितलं नव्हतं. त्याची एक दांडी तुटलेली होती, तिथे त्यांनी लूमवरचा दोरा बांधून कानाला अडकवला होता. आणि त्या आभाळाकडे कधी बघायच्या नाहीत. बघायच्या ते तुमच्या ताटात, तुमच्या पायातल्या चपलेत, तुमच्या दप्तरात.

शेजारी बसलेल्या बाईंनी मला हळूच विचारलं, "तुम्ही त्यांना ओळखत होतात? काही चमत्कार बघितला का?"

मी म्हटलं, "मी बी.कॉम. आहे."

बाईंना वाटलं मला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, न विचारता सांगते. सुरतेजवळच्या सचिन इथे कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसमध्ये मी हिशेब विभागाची प्रमुख आहे, माझ्या हाताखाली मुलं काम करतात, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत नाही. हे कसं झालं ते लिहायचं तर कानबाईचाच एक रविवार लिहावा लागेल.

आम्ही मूळचे नंदुरबारकडचे. आबा तरुणपणी सुरतेला आले आणि लूमवर कारागीर म्हणून लागले. पर्वत पाटियाच्या अलीकडे तेव्हा पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, तिथे आमचं बिऱ्हाड. दिवसभर लूमची खटखट. रविवारी वीज बंद असली की त्या शांततेने आम्हा पोरांना झोप यायची नाही. माय घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची, आणि शाळेतून आल्यावर मीही. आमच्या बोटांना तो चिकट वास कायम असायचा. अजूनही कुठे तो वास आला की मला भूक लागते, कारण काम संपलं की माय भाकरी टाकायची.

सिस्टर आमच्या रांगेच्या टोकाला राहायच्या. आधी दोघी-तिघी होत्या, मग एकट्याच उरल्या. एका खोलीत औषधं, दुसऱ्या खोलीत सतरंजी टाकून संध्याकाळची शिकवणी. त्या युरोपातल्या कुठल्या तरी डोंगरी खेड्यातून आलेल्या. माझ्या मायने एकदा त्यांना नीट बसवून सगळं विचारून घेतलं होतं.

"पाऊस पडतो का तुमच्याकडे?"

"थोडा. दगड जास्त."

"खाता काय?"

"जाड रोटी. कांदा. दूध असेल तर दूध."

"आणि पोरं?"

"पोरं गाव सोडून जातात, कामाला."

माय माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे तिकडनं खान्देशच शे."

सिस्टरना हे इतकं आवडलं की नंतर कोणीही गाव विचारलं की त्या सांगायच्या, "हूं पण खान्देशनी."

त्यांची भाषा हा आमचा मोठा करमणुकीचा विषय होता. गुजराती त्या पुस्तकातून शिकलेल्या, म्हणून ती शाळामास्तरासारखी शुद्ध. अहिराणी शिकल्या त्या आमच्या नळावर, म्हणून तिच्यात शिव्याही होत्या, आणि त्या शिव्या आहेत हे त्यांना बरीच वर्षं माहीत नव्हतं. भाजीवाल्याला त्या आधी "भाई, कृपा करीने" म्हणायच्या आणि भाव पटला नाही की लगेच नळावरचं काही तरी. भाजीवाला हसता हसता भाव उतरवायचा.

त्या आम्हाला ख्रिस्ती करतील, असं लोक म्हणायचे. सुरुवातीला आबाही म्हणायचे. मग प्लेगचं वर्ष आलं. सगळं सुरत रिकामं झालं. आम्हीही मिळेल त्या गाडीने गावी पळालो. परत आलो तेव्हा सिस्टर होत्या तिथेच होत्या, आणि रांगेतली जी म्हातारी माणसं पळू शकली नव्हती ती जिवंत होती. गल्लीतली मांजरंसुद्धा खाऊनपिऊन होती. त्यानंतर आबांनी तो शब्द काढला नाही. मोठे बाबा मात्र काढत राहिले.

मोठे बाबा म्हणजे आबांचे थोरले भाऊ. कडोदऱ्याला एका कारखान्यात मुकादम. दांडगा आवाज, पांढरी टोपी, आणि भाऊबंदकीत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. त्यांची स्वतःची खोली मालकाच्या गोदामावर होती, तिथे देवी कशी बसवणार? म्हणून कानबाई आमच्याकडे बसायची आणि मोठे बाबा शनिवारीच येऊन थडकायचे.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले. कॉलेज गुजराती. सिस्टरनी दोन वर्षं माझं गुजराती घोटून घेतलं. बारावीला मला चांगले गुण पडले. पेढे वाटले, आणि तिथेच संपलं असं आबांना वाटलं. सिस्टर मला घेऊन कॉलेजात गेल्या, नाव घातलं, यादीत माझं नाव लागलं. पण प्रवेश पक्का करायला पालक हजर पाहिजे आणि त्याची सही पाहिजे. शेवटची मुदत सोमवारी दुपारी. आबा रोज म्हणायचे, "बघू." शुक्रवारी म्हणाले, "दादा येऊ देत, मग बघू."

दादा, म्हणजे मोठे बाबा, आले ते माझ्यासाठी स्थळ घेऊनच आले. कडोदऱ्याचाच मुलगा, घरचे चार लूम. मोठ्या बाबांनी ठरवलं होतं की सोमवारी कानबाईला तापीवर पोचवून आलं की मुलाकडच्यांना बोलवायचं आणि सुपारी फोडायची. म्हणजे एकाच सोमवारी इकडे कॉलेजचं दार बंद होणार आणि तिकडे माझी सुपारी फुटणार.

मी काय केलं? काही नाही. रविवारी सकाळी कानबाई म्हणून मांडलेल्या नारळाला हळद लावली, काजळाने डोळे काढले, नथ घातली, आणि मनात तिला म्हटलं, तू पण नवरीच दिसतेस, तुझं बरं आहे, उद्या तू तापीत जाऊन सुटशील. माय पुरण वाटत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि नुसतं म्हणाली, "डोळा पुसून घे, हळदीत पाणी पडतंय."

दुपारी नैवेद्य झाला. रोटाची ताटं मांडली. सांगायला हवं, हा रोट म्हणजे साधी पुरणपोळी नव्हे. मोजलेल्या मुठींच्या पिठाचा तो, ज्यांच्या मुठी त्यांचाच. भाऊबंदांशिवाय कोणाच्या तोंडी जायचा नाही. आमच्याकडे तर जेवून हात धुतलेलं पाणीही रस्त्यावर टाकत नाहीत, खड्ड्यात ओततात. जेवताना दार लोटून घेतात.

त्या दिवशी दार लोटलेलं नव्हतं. ते कोणाचं काम होतं? मायचं.

सिस्टर आत आल्या. प्रार्थनेनंतर कुठल्या तरी आजाऱ्याकडे जाऊन चालत आल्या होत्या. छत्री असून घामाने चिंब, तोंड लाल झालेलं. त्या आबांना शेवटचं विचारायला आल्या होत्या. दारातच म्हणाल्या, "भाई, उद्या किती वाजता निघायचं?" आबा पाटावर, हातात घास. त्यांनी खाली बघितलं.

"बसा, सिस्टर," माय म्हणाली, "उन्हातून आलात." आणि तिने त्यांच्या पुढ्यात ताट सरकवलं. रोट, वर तूप, बाजूला खीर, लाल भोपळ्याची भाजी.

सिस्टर भुकेल्या होत्या. त्यांनी कपाळावर, छातीवर क्रूस केला आणि मोठा घास घेतला.

"अरे!" मोठे बाबा ओरडले. "तो रोट शे!"

सिस्टर घास तोंडात तसाच धरून आमच्याकडे बघू लागल्या. गाल फुगलेला. मग त्यांनी भरल्या तोंडाने विचारलं, "थुंकू?"

"थुकू नको!" मोठे बाबा आणखी जोरात ओरडले. "देवीचा रोट थुकशील? आणखी पाप!"

"मग गिळू?"

सिस्टरनी गिळला.

मग मोठे बाबा मायवर घसरले. "तुले समजत नही का? परकी बाई, परक्या धर्माची! हाई काय करी टाकं तू?"

"चुकून झालं," माय म्हणाली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "उन्हातून आलेली बाई, हाताला सवय, दिलं ताट. चुकून झालं."

आजही तिला विचारलं तर ती चुकूनच झालं म्हणते. ज्या बाईने वीस वर्षं रोटाचा कण बाहेर जाऊ दिला नाही ती त्या दिवशी कशी चुकली, हे मी तिला अनेकदा विचारलंय. ती टिकल्यांचं पाकीट उघडते आणि कामाला लागते.

सिस्टरनी हात आवरला. "मला कोणी सांगेल का, मी काय खाल्लं?"

आबांनी सांगितलं. मुठी, भाऊबंद, दार लोटणं, सगळं. सिस्टर मन लावून ऐकत होत्या, शिकवणीत आम्ही ऐकावं अशी त्यांची अपेक्षा असायची तसं. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे जो खातो तो घरचा?"

"घरचा असतो तोच खातो," मोठे बाबा म्हणाले.

"पण मी खाल्ला."

"तेच तर!"

"मग आता काय करायचं? देवी रागावेल का?"

इथे मोठे बाबा अडले. परक्याने रोट खाल्ला असं म्हणावं तर घराला दोष लागतो, सगळ्या भाऊबंदकीत बोभाटा. भाऊबंदांत कोणाला सांगणार, आणि काय सांगणार? त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. माय पदराआडून हळूच म्हणाली, "दोष कसाले? आते ती घरनी व्हयनी."

मोठ्या बाबांना सुटायला ती एकच वाट होती. ते सिस्टरकडे न बघता म्हणाले, "असू द्या. घरची समजा."

"आभार," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागल्या. सावकाश, खिरीसकट. दोन घास झाल्यावर विचारलं, "तुमचं वय काय, भाई?"

मोठ्या बाबांनी सांगितलं.

"मी मोठी आहे तुमच्यापेक्षा. म्हणजे या घरात आता सगळ्यांत मोठी मी." बोट चाटून त्या म्हणाल्या, "मोठी बहीण म्हणून सांगते, मुलगी उद्या कॉलेजात जाईल."

आबा पाटावर ताठ झाले. मी चुलीशी होते. मोठ्या बाबांच्या तोंडावर बोलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

मोठे बाबा लाल झाले. पण त्यांची बुद्धी तल्लख होती, आणि वादात हरायची त्यांना सवय नव्हती. मांडीवर थाप मारून म्हणाले, "बहीण ना? ठीक. मग ऐका सिस्टरबाई. आमच्यात बहीण लग्न होईपर्यंत घरची. लग्न झालं की परकी. तिला रोट नाही, तिचा शब्द नाही. एवढी थोरली बहीण काय बिनलग्नाची असते?"

सिस्टरनी त्यांच्याकडे चष्म्यातून बघितलं. डावा हात पदराखाली, म्हणजे त्यांच्या त्या पांढऱ्या झग्याच्या घडीत होता. "भाई," त्या म्हणाल्या, "मला बघून कोण लग्न करणार होतं?"

आधी माय हसली. मायला मोठ्या बाबांसमोर हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मग आबा हसले, घास घशात अडकेपर्यंत. शेवटी मोठे बाबा हसले, आणि ते हसले की पत्रे हलायचे. डोळे पुसत म्हणाले, "वा! म्हणजे बहीण कायमची गळ्यात!"

"कायमची," सिस्टर म्हणाल्या.

"आणि मुलाकडच्यांना मी काय सांगू?"

"सांगा, थोरली बहीण नाही म्हणाली. खान्देशातली आहे, ऐकत नाही."

मोठ्या बाबांनी ताटातला भोपळा संपवला. मग आबांना म्हणाले, "जा उद्या. एक वर्ष बघ. नापास झाली तर मी आणि तुझी बहीण, दोघं मिळून तुला विचारू."

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. डोक्यावर पाट घेऊन बाया नाचत, पुढे डफ, मागे गुलाल. सिस्टर मिरवणुकीत आल्या नाहीत, थेट तापीच्या काठावर येऊन बसल्या. आम्ही सगळे पाण्यात उतरलो तेव्हा आमच्या चपला त्यांनी एका जागी गोळा केल्या आणि छत्री उघडून राखण करत बसल्या. मी पाण्यातून वळून बघितलं. एवढ्या गुलालात पांढरी छत्री आणि भोवती आमच्या फाटक्या चपला. चर्चमध्ये लावायचं तर ते चित्र लावायला हवं होतं. पण तेव्हा फोटो काढणारं कोण होतं?

आबा घरी गेलेच नाहीत. गुडघ्यापर्यंत ओली पँट, कपाळावर गुलाल, तसेच रिक्षात बसले. कॉलेजच्या खिडकीवर कारकुनाने आबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग सिस्टरना, मग मला. तिघांचा एकमेकांशी काय संबंध ते त्याला जुळवता येईना.

"आ बहेन कोण थाय?" सिस्टर आमच्या कोण लागतात, ते त्याने त्यांच्याकडे मान करून विचारलं.

आबा लूमवर काम करून थोडे बहिरे झाले होते, आणि कुठल्याही खिडकीसमोर त्यांचा आवाज बसायचा. त्या दिवशी बसला नाही. "घरना ज छे," ते म्हणाले. आणि सही केली. ती सही मला अजून दिसते. आधी पेन झटकलं, मग जीभ दातात धरून एकेक अक्षर.

परतताना आबा रिक्षावाल्याच्या शेजारी पुढे बसले, आम्ही दोघी मागे. प्रवेशाची पावती माझ्या हातात. ती मी उलट-सुलट वाचत होते. सिस्टरनी वाऱ्याने ती उडू नये म्हणून तिच्यावर आपला डावा हात ठेवला. सुरकुतलेला, शेतातल्या बाईसारखा रुंद हात, आणि त्यात चांदीची साधी अंगठी. मी ती कित्येक वर्षं बघत आले होते. आमच्याकडे बायका काहीही घालतात, पायात जोडवी, हातात कडं, त्यामुळे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या दिवशी आनंदात होते, म्हणून सहज विचारलं.

"सिस्टर, ही कोणी दिली?"

"लग्नाची आहे," त्या म्हणाल्या.

मला समजेना. त्यांनी समजावलं. शेवटची शपथ घेताना ही अंगठी घालतात. देवाशी लग्न लागलं असं मानतात. त्यांच्या मायने त्या दिवशी गावात गोड पाव वाटला होता, आणि मग त्या जहाजात बसल्या त्या परत गेल्या नाहीत.

मी हिशेबाची पोरगी. माझ्या डोक्यात लगेच जुळणी झाली. "म्हणजे सिस्टर, काल मोठ्या बाबांनी विचारलं तेव्हा..."

"मी खोटं कुठे बोलले? मला बघून कोण लग्न करणार होतं, एवढंच विचारलं." रिंगरोडवर कापडाचे तागे लादलेले टेम्पो चालले होते. मग बोटातली अंगठी फिरवत त्या म्हणाल्या, "पण बोलल्यासारखंच झालं. रात्री मी त्याला सगळं सांगितलं."

"मग? काय म्हणाला?"

"काही नाही. नवरे असेच असतात, डीकरी. गप्प बसले की समजायचं, चालतंय."

मी हसायला लागले. पुढे आबा बसले होते. लूमने अधू झालेले त्यांचे कान आणि रिक्षाचा तो आवाज, त्यात त्यांना काय ऐकू जाणार असं मला वाटलं होतं. पण त्यांनी मान न वळवता, समोरच्या रस्त्याकडे बघत, अगदी स्पष्ट आवाजात सांगितलं, "दादाले सांगू नका."